आभाळात खड्डे नसतात

आत्या मुंबईहून परतली त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर निम्मी गल्ली जमली होती. केज तालुक्यातल्या आमच्या गावातून विमानात बसलेली ती काही पहिली नव्हे, पण साठी उलटल्यावर पहिल्यांदा बसलेली ती एकटीच. पोरानं तिकीट काढून दिलं होतं. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबई, तेही भर मे महिन्यातल्या दुपारी. नातू, समुद्र, सरकता जिना हे सगळं सांगून झाल्यावर ती मुद्द्यावर आली.

"आरं, मधीच इमान खड्ड्यात पडलं. हात-दोन हात न्हाई, हजार फूट तरी आसंल. पोटातलं पाणी गळ्याशी आलं."

ओट्याच्या कडेला बसलेला एकजण म्हणाला, "आभाळात बी खड्डे? तिथलं टेंडर कुणाला दिलं मंग?"

हसून हसून गल्ली मोकळी झाली. पण आत्याचा शब्द तिचा एकटीचा नव्हता. ‘विमान एअर पॉकेटमध्ये सापडलं’ अशी वाक्यं आपण वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत वाचत आलोय, आणि ‘एअर पॉकेट’ म्हटलं की डोळ्यांसमोर खड्डाच उभा राहतो. हवा नसलेली एक जागा, विमान तिथं आलं की धप्पकन खाली. या एका शब्दातून तीन समज निघतात: वर कुठंतरी हवाच नसते, विमान हजारो फूट कोसळतं, आणि एखाद्या दिवशी पंख मोडून पडेल. तिन्ही चुकीचे आहेत. आणि या तिन्ही समजांच्या भीतीत जी गोष्ट खरोखर माणसाला इजा करते, तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

रानात दिसणारी हवा

बीड जिल्ह्याला विमानतळ नाही. बीड शहरात रेल्वे यायलाच २०२५ चा सप्टेंबर उजाडला. पण टर्ब्युलन्स, म्हणजे विमानाला हादरे देणारी हवेची उलथापालथ, समजून घ्यायला विमानतळ लागत नाही, एप्रिलमधलं रान पुरतं. पाटोद्याच्या किंवा धारूरच्या माळावर दुपारी दोन वाजता उभं राहावं. नांगरून टाकलेली काळी जमीन तापून धग मारत असते. अचानक बांधावरचा पाचोळा गोल फिरायला लागतो, त्यात धूळ मिसळते, प्लॅस्टिकची एखादी पिशवी गरगरत वर जाते आणि पाहता पाहता दिसेनाशी होते. आपण तिला वावटळ म्हणतो. हवा हलताना डोळ्यांना दिसते ती अशी धुळीमुळं. एरवी ती तशीच वर चढत असते, फक्त दिसत नाही.

काळी जमीन लवकर तापते, माजलगाव धरणाचं पाणी सावकाश. खडकाळ माळ एका रीतीनं तापतो, शेजारचा हिरवा ऊस वेगळ्या. त्यामुळं शेजारी शेजारी असलेल्या दोन जागांवरची हवा सारखी गरम नसते. जास्त तापलेली हलकी होऊन वर निघते आणि तिची जागा भरायला आजूबाजूची गार हवा खाली उतरते. उन्हाळ्यात ही वर-खाली चाललेली ये-जा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचते. घारीला हे आपल्याआधी कळलेलं आहे. पंख न हलवता ती एकाच जागी गोल गोल फिरत वर चढते, कारण तिला वर जाणाऱ्या हवेचा खांब सापडलेला असतो आणि त्यातून बाहेर पडायचं नसतं.

विमानाला मात्र त्या खांबात थांबता येत नाही. उड्डाणानंतर ताशी चारशे किलोमीटरनं चाललेलं विमान सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटर पुढं जातं. वर जाणाऱ्या हवेचा झोत काहीशे मीटर रुंद असेल तर तो तीन-चार सेकंदांत संपतो आणि लगेच खाली येणारी हवा लागते. एकदा पाठीखालून उचलल्यासारखं, एकदा आधार काढून घेतल्यासारखं. गचके बसतात ते असे. पंखाखाली हवा त्या क्षणीही तितकीच असते, फक्त तिची दिशा बदललेली असते. हवेत पोकळी तयार व्हायला तिला कुणी अडवून धरावं लागेल. मोकळ्या आभाळात भोवतालची हवा तिथं क्षणात धावून येते.

म्हणूनच उन्हाळ्यात सकाळचं विमान दुपारच्यापेक्षा शांत जातं, आणि ढगांच्या वर पोहोचलं की बहुतेक वेळा गचके थांबतात. आत्याचं दुपारचं तिकीट स्वस्त पडलं, पण पोटातल्या पाण्याला ते महाग गेलं.

दुसरं कारण डोंगराचं. राक्षसभुवनला गोदावरीच्या पात्रात उभं राहून पाहावं. बुडालेल्या दगडावरून पाणी जातं तेव्हा दगडाच्या पुढं लाटा एकाच जागी उभ्या राहतात आणि त्यांच्या खाली भोवरे फिरतात. वारा डोंगरावरून जातो तेव्हा हवाही तसंच करते. बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत, त्याही वारा डोंगराच्या अंगाने कसा वागतो हे पाहूनच. मुंबईकडं उतरताना सह्याद्री ओलांडल्यावर पुन्हा हादरे जाणवतात, त्यात या डोंगराचाही वाटा असतो.

हजार फूट की चोपन्न मीटर

आता आत्याचे हजार फूट. आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला उंची कळत नाही, फक्त वेगातला बदल कळतो. झोपाळा उंचावरून खाली सुटतो तेव्हा पोटात जो गोळा येतो तो चार-पाच फुटांच्या अंतराचाच असतो. विमानात बाहेर पाहायला झाड नाही, खांब नाही. त्यामुळं क्षणभराच्या गोळ्याचं आपण मनात फुटांत रूपांतर करतो आणि ते नेहमी जास्तच निघतं. नेहमीच्या गचक्यांत विमानाची उंची काही फुटांनीच बदलते.

मोठ्या अपघातातही हा घोटाळा होतो. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला निघालेलं बोइंग ७७७ म्यानमारवर ३७ हजार फूट उंचीवर होतं. जोरदार धक्का बसला, अनेक प्रवासी जखमी झाले, ७३ वर्षांचे एक ब्रिटिश प्रवासी दगावले. जगभर बातमी गेली की विमान सहा हजार फूट कोसळलं. सिंगापूरच्या तपास यंत्रणेनं आठवड्याभरात विमानातल्या नोंदी वाचून प्राथमिक अहवाल दिला, त्यात चित्र वेगळं होतं. विमान आधी हवेनं वर उचललं गेलं आणि मग ४.६ सेकंदांत १७८ फूट, म्हणजे सुमारे ५४ मीटर खाली आलं. सहा हजार फुटांचा उतार त्यानंतर बऱ्याच मिनिटांनी आला. वैमानिकांनी ठरवून, बँकॉकला उतरण्यासाठी, नेहमीच्या वेगानं तो घेतला होता. नकाशावर उतरती रेघ पाहून लोकांनी दोन गोष्टी एक केल्या.

१७८ फूटही थोडे नव्हेत. पण त्या विमानात इजा झाली ती अंतरामुळं नव्हे. त्या ४.६ सेकंदांच्या सुरुवातीलाच, सेकंदाच्या सहा-दशांश भागात, भार गुरुत्वाच्या अधिक १.३५ पटीवरून उणे १.५ पटीवर गेला. याचा अर्थ असा की साठ किलोचा माणूस त्या क्षणी नव्वद किलोच्या जोरानं छताकडं फेकला जातो. खरं तर माणूस उडी मारत नाही. तो आहे तिथंच राहू पाहतो आणि विमान त्याच्या अंगाखालून खाली निघून जातं, छत डोक्यावर येऊन आदळतं. बेल्ट बांधलेला माणूस विमानाबरोबर खाली जातो. न बांधलेला मागं राहतो, म्हणजे वर.

आणि बेल्ट बांधण्याची खूण किती आधी लागली होती? वैमानिकानं ती लावल्याचं सांगितलं, त्यानंतर आठ सेकंदांत हा झटका बसला. आठ सेकंदांत स्वच्छतागृहातून जागेवर येता येत नाही, झोपलेल्या माणसाला जागंही होता येत नाही.

वाकणारा पंख

खिडकीतून पंख पाहिला की तो थरथरताना, टोकाला वर-खाली होताना दिसतो, आणि शेजारचा माणूस देवाचं नाव घेतो. पण वाकणं हेच पंखाचं काम आहे. वाऱ्यात जोंधळ्याचं ताट डुलतं म्हणून उभं राहतं. ताठ राहिलं असतं तर बुडाशी मोडलं असतं. पंख धक्का वाकून पोटात घेतो आणि प्रवाशांपर्यंत त्यातला थोडाच पोहोचू देतो.

तो किती सोसू शकतो हे कुणाच्या विश्वासावर सोडलेलं नाही. नियमानुसार मोठ्या प्रवासी विमानाच्या रचनेनं गुरुत्वाच्या किमान अडीचपट भार कायमचा वाकडेपणा न येता पेलला पाहिजे. त्याच्या दीडपट, म्हणजे पावणेचारपट भार किमान तीन सेकंद मोडून न पडता सोसला पाहिजे. मार्च २०१० मध्ये बोइंगनं ७८७ च्या सांगाड्याला कारखान्यात दोऱ्या-यंत्रांनी ओढून हीच परीक्षा घेतली, तेव्हा पंखांची टोकं सुमारे २५ फूट वर गेली होती. दोन मजल्यांइतकी.

आपल्याकडचं एक उदाहरण. १ मे २०२२, महाराष्ट्र दिनाच्या संध्याकाळी मुंबईहून पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरला जाणारं बोइंग ७३७ उतरताना वादळी हवेत सापडलं. मे महिना म्हणजे बंगालमध्ये कालबैसाखीच्या वादळांचे दिवस. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं सांगितल्याप्रमाणं भार अधिक २.६४ पासून उणे १.३६ पर्यंत हेलकावला. चौदा प्रवासी आणि तीन कर्मचारी जखमी झाले, गंभीर जखमी झालेल्यांपैकी एकाचा काही महिन्यांनी मृत्यू झाला. २.६४ हा आकडा अडीचच्या थोडा वर आहे आणि पावणेचारच्या बराच खाली. विमान दुर्गापूरला सुखरूप उतरलं. इजा झाली ती आतल्या माणसांना.

प्रामाणिकपणे सांगायचं तर विमान मोडल्याची उदाहरणं इतिहासात आहेत. ५ मार्च १९६६ ला जपानमध्ये फुजी पर्वताच्या वाऱ्याआडच्या बाजूला डोंगरामुळं उसळलेल्या हवेत एक बोइंग ७०७ हवेतच तुटलं, १२४ जण गेले. आभाळ तेव्हा स्वच्छ होतं. त्यानंतरच्या काळात डोंगरी लाटांचा अंदाज, विमानांचे मार्ग आणि त्यांची बांधणी यांत पुष्कळ बदल झाला. आजच्या प्रवाशानं पंखाची काळजी करावी असं काही उरलेलं नाही.

स्वच्छ आभाळ आणि भरलेला ढग

"ढग न्हाई, काही न्हाई, तरी हादरत होतं," हे आत्याचं दुसरं आश्चर्य. विमानाच्या नाकात हवामानाचं रडार असतं, पण ते पाण्याचे थेंब पाहतं. ढग दिसतो, गारपीट दिसते. कोरडी हवा रडारला दिसत नाही. आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवर कोरड्या हवेत वाऱ्याच्या नद्या वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडं असा एक जोराचा प्रवाह जातो. नदीच्या काठाशी पाणी जसं भोवरे घेतं तसं या प्रवाहाच्या कडेला हवा उसळते. पावसाळ्यात आपल्या दख्खनवर उलट दिशेचा, पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह असतो. तो विमानांच्या नेहमीच्या वाटेच्या थोडा वर. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. मोसमी पावसाशी त्याचा संबंध आहे, म्हणजे बीडच्या शेतकऱ्याचाही आहेच.

अशा अदृश्य जागी वैमानिकाला पुढं गेलेल्या वैमानिकांच्या खबरा उपयोगी पडतात. ‘३५ हजारांवर गचके आहेत, ३३ हजारांवर शांत आहे’ असं नियंत्रण कक्षामार्फत सतत कळवलं जातं. उंची बदलते, वेग थोडा कमी केला जातो. मांजरसुंब्याचा घाट उतरताना ड्रायव्हर गिअर बदलतो तसंच ते. प्रवाशाला वाटतं वैमानिक काहीच करत नाही, कारण त्याचं काम दिसत नाही.

ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक हिशेब मांडला. उत्तर अटलांटिकवरच्या एका सर्वसाधारण ठिकाणी १९७९ साली वर्षाला १७.७ तास तीव्र स्वच्छ-हवा टर्ब्युलन्स असायचा. २०२० पर्यंत तो २७.४ तासांवर गेला, म्हणजे ५५ टक्के वाढ. वरच्या हवेतल्या तापमानातला फरक वाढला की जेट प्रवाहात थरागणिक वाऱ्याचा वेग अधिक बदलतो. हवामानबदलाचा भार रानातल्या पिकाबरोबर आभाळातल्या वाटेवरही पडतोय.

ढगाची गोष्ट उलटी. मोठ्या गडगडाटी ढगात वर जाणारी हवा सेकंदाला वीस-तीस मीटरही जाते, म्हणून प्रवासी विमान त्याला कित्येक किलोमीटरचा वळसा घालतं. पण मराठवाड्यात काही विमानं मुद्दाम ढगांच्या वाटेला गेली आहेत. टंचाईच्या २०१५ आणि २०१९ सालांत राज्य सरकारनं औरंगाबादहून, आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २००९ पासून ढगांचा जो अभ्यास चालवला त्यात सोलापूरहून २०१८ आणि २०१९ मध्ये विमानं उडवली. पंखाला क्षारांच्या नळकांड्या लावून ही विमानं ढगाच्या बुडाशी जातात आणि वर जाणारी हवा जिथं असेल ती जागा शोधतात, कारण क्षार वर ओढून नेणारं दुसरं कुणी नसतं. आपण ज्याला गचका म्हणतो ती त्या वैमानिकाला हवी असलेली शिडी.

वळवाचा गार वारा

एका ठिकाणी मात्र हवेनं विमानाला खरोखर धोका होतो, आणि ते जमिनीजवळ. वळवाचा पाऊस येण्याआधी एकदम गार वारा सुटतो, मातीचा वास येतो, दारं आपटतात, पत्रे वाजतात. तो गार वारा म्हणजे ढगातून खाली कोसळलेली, थेंबांमुळं गार आणि जड झालेली हवा. ती जमिनीवर आदळून चहूकडं पसरते. कधी कधी ती एवढ्या जोरानं येते की उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा, मग खाली दाब आणि मग पाठीमागून वारा लागतो, आणि सावरायला उंचीच उरलेली नसते. टेत्सुया फुजिता या शास्त्रज्ञानं सत्तरच्या दशकात हा प्रकार ओळखून त्याला मायक्रोबर्स्ट हे नाव दिलं. २ ऑगस्ट १९८५ ला अमेरिकेत डॅलसला एक मोठं विमान त्यात सापडून कोसळलं. त्यानंतर अशा वाऱ्याची आगाऊ सूचना देणारी यंत्रं विमानांत आणि विमानतळांवर आली.

म्हणून वळीव चालू असताना विमान घिरट्या घालत राहिलं किंवा दुसऱ्या गावी उतरलं तर ‘वैमानिक थोड्या पावसाला घाबरला’ असं म्हणू नये. तो घाबरलेला नसतो, थांबलेला असतो.

फाळका

हे सगळं मी आत्याला सांगितलं, अर्थात इतकं लांबवून नाही. तिला पंख, जेट प्रवाह यांत फार रस नव्हता. ती शेवटच्या रांगेत बसली होती, तिथंच जास्त हादरतं का, एवढंच तिनं विचारलं. हो. एसटीत शेवटच्या बाकावर बसलं की खड्डा डोक्यात लागतो, मधल्या बाकावर तेवढा लागत नाही. विमानाचा तोल पंखांच्या आसपास असतो, म्हणून तिथं कमी आणि शेपटीकडं जास्त जाणवतं. पण जाणवणं म्हणजे धोका नव्हे. लहान विमान जास्त हलतं, म्हणून ते कमी सुरक्षित असं नाही.

मग मी तिला एक आकडा सांगितला. अमेरिकेत २००९ ते २०२२ या काळात प्रवासी विमानांत टर्ब्युलन्सनं १६३ जणांना गंभीर इजा झाली, त्यांतले १२९ विमानातले कर्मचारी होते. ते उभे असतात, चहाची गाडी ढकलत असतात, लोकांना बेल्ट बांधायला सांगत असतात. बसलेले आणि बांधलेले फार कमी.

"बेल्टची खूण विझली की सगळे सोडत्यात," ती म्हणाली. "म्या बी सोडला."

"खूण विझली तरी बसल्या जागी सैल का होईना बांधून ठेवायचा. आठ सेकंद मिळतीलच असं नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. तरुणपणी तिनं चार-पाच हंगाम ऊसतोडीला काढलेत. दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, लाकडं, बाजल्या आणि त्यावर माणसं, अशी बीडहून पश्चिम महाराष्ट्राकडं रात्रभर चाललेली रांग. पोरगं मांडीवर, एक हात त्याच्यावर, दुसरा ट्रॉलीच्या फाळक्याला घट्ट.

"म्हंजी फाळका सोडायचा न्हाई," ती म्हणाली. "आमचा मुकादम सांगायचा, डांबरी लागली म्हणून हात काढू नका. डांबरीवर पेंग येती, अन् खड्डा पेंग आल्यावरच येतो."

दिवाळीत ती पुन्हा मुंबईला जाणार आहे. या वेळी सकाळचं तिकीट काढायला तिनं पोराला बजावलंय, मधल्या रांगेतलं.